उत्तराची जागा

आमच्या वाचनालयात संदर्भ विभाग सांभाळणारे एक सर होते. ते कुणालाही कशाचंही उत्तर देत नसत. उत्तर कुठे मिळेल तेवढं सांगत आणि पुन्हा मान खाली घालून वाचायला लागत. नवख्याला वाटे, ह्या माणसाला काही माहीत नसावं. तसं नव्हतं. बहुतेक वेळा उत्तर त्यांना तोंडपाठ असायचं, पण ते ओठांबाहेर काढणं त्यांच्या अगदी जिवावर येई.

"सर, कावळा उन्हात चोच उघडी टाकून का बसतो हो?"

"नववं कपाट. वरून दुसरा खण. हिरव्या बांधणीचं जाड पुस्तक. कावळा शेवटाकडे आहे. पान फाटलंय, जपून उलटा."

एवढं बोलून झालं की खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळायची. एकदा एक आई तणतणत जिना चढून आली. मुलाला शाळेत काहीतरी विचारलेलं, तो सरांकडे आला आणि संध्याकाळभर कपाटांत डोकं घालून बसला.

"अहो, एका ओळीचं उत्तर होतं. सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं तुमचं?"

"एका ओळीचं होतं म्हणूनच नाही सांगितलं," सर म्हणाले. "ती ओळ सापडेपर्यंत त्याने आणखी काय काय वाचलं, ते विचारा त्याला घरी."

तक्रार वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाकडे गेली. मंडळाने सरांना बोलावून समज दिली. सरांनी ती समज अगदी नम्रपणे ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नववं कपाट, वरून दुसरा खण.

मी ऐंशी सालाच्या सुमारास तिथे देवघेवीच्या टेबलावर लागले. पुस्तकं द्यायची, घ्यायची, कार्डावर शिक्का मारायचा. डोंबिवलीत तेव्हा माणसं वाचायची, त्यामुळे मान वर करायला फुरसत नसे. सर माणसांना नावाने हाक मारत नसत, कामाने मारत. मी 'देवघेव'. शिपाई 'दरवाजा'. आमचे कार्यवाह महिन्यातून एकदा येऊन कागदांवर सह्या करून जात, ते 'सही'. पहिल्या आठवड्यात "अहो देवघेव" ऐकून माझं डोकं फिरलं होतं. मला आईवडिलांनी चांगलं चार अक्षरी नाव ठेवलेलं आहे. पुढे सवय झाली, आणि त्याही पुढे अशी वेळ आली की त्या हाकेशिवाय दिवस सुना वाटायला लागला.

वाचनालयाच्या जिन्याखाली, रस्त्याच्या बाजूला, एक फळा होता. तेव्हा असे फळे चौकाचौकात असत. कुणी सुविचार लिही, कुणी निधनवार्ता, कुणी रक्तदान शिबिराचं आवाहन. सरांना सुविचारांचा मनस्वी तिटकारा. "सुविचार वाचून माणूस मान डोलावतो आणि पुढे जातो. प्रश्न वाचला की पायात पाय अडकतो," असं ते म्हणत. म्हणून आमच्या फळ्यावर रोज एक प्रश्न असे आणि त्याच्याखाली उत्तराची जागा. उत्तर कधीही नाही. स्टेशनकडे धावणारी माणसं प्रश्न वाचून जायची आणि संध्याकाळी परतताना जिना चढून वर यायची. सगळी नाही, पण यायची.

ती जागा दर वेळी पुस्तकातच असे असंही नाही. एकदा प्रश्न होता, 'लाकडापासून रेशमासारखा धागा कसा निघतो?' आणि खाली लिहिलेलं, 'जागा: मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेले एक गृहस्थ रोज सकाळी आपल्याकडे पेपर वाचायला येतात. खिडकीजवळची खुर्ची. त्यांना विचारा.' ते गृहस्थ तोवर कुणाशी एक शब्द बोलत नसत. घरात सुनेशी पटत नव्हतं, म्हणून येऊन बसत. त्यानंतर आठवडाभर त्यांना पेपर उघडायची सवड मिळाली नाही. तो धागा ते इतक्या वेळा हवेत काढून दाखवत की मलासुद्धा पाठ झाला. पुढे ते इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले.

सरांचा नियम मोडलेला मी एकदाच पाहिला. कोलशेतच्या खाडीवरचे एक वयस्क कोळी, नात्यातल्या कुणाकडे डोंबिवलीला आलेले, फळा दुसऱ्याकडून वाचून घेऊन वर आले. खाडीतली निवटी मासळी कमी का झाली, हे त्यांना विचारायचं होतं. सरांनी सवयीने सरकारी मत्स्य कार्यालयाची जागा सांगितली, कुठला मजला, कुठलं टेबल, सगळं.

"साहेब, मना वाचाला येत नाय," म्हातारबुवा म्हणाले. "ते कागुद देतील, मी काय करू त्याचा?"

 सरांनी खुंटीवरची पिशवी घेतली, मला म्हणाले, "देवघेव, माझं टेबल बघा," आणि त्या म्हातारबुवांबरोबर निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले ते कागद घेऊन. पुढचे कित्येक रविवार ते कोलशेतला जाऊन त्यांना वाचून दाखवत होते, हे मला नंतर त्यांच्या बहिणीकडून कळलं. येताना त्यांना निवटी मिळे. सर शाकाहारी. ते नको म्हणू शकत नसत आणि ती माझ्या घरी येऊन पडत.

बहिणीबद्दल आधीच सांगायला हवं होतं. सर आणि त्यांची धाकटी बहीण, वाचनालयाच्या मागच्या गल्लीत दोघंच राहत. ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. अख्खी गल्ली तिला 'बाई' म्हणे, सर मात्र 'बेबी'. पन्नाशीच्या बाईला बेबी. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. त्यांची एक गंमत होती. आधी बहिणीचं होऊ दे मग माझं, असं भाऊ म्हणत राहिला. दादाला एकटं टाकून मी कशी जाऊ, असं बहीण म्हणत राहिली. असं एकमेकांना आग्रह करता करता दोघांची वयं उलटली. बाई हसून सांगायच्या, "अगं, बुफेच्या रांगेत नाही का, आधी तुम्ही, आधी तुम्ही करत जेवण संपतं, तसं झालं आमचं."

फळा लिहीत त्या बाई. सरांचं अक्षर सरांनाही लागत नसे. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी बाई खडू घेऊन फळ्यासमोर उभ्या राहत, सर मागे उभं राहून मजकूर सांगत, आणि शेवटचा शब्द सांगून झाला की लगेच जिना चढून वर. बाईंचं अक्षर म्हणजे काय सांगू. आधी सगळी अक्षरं बिनडोक्याची लिहायच्या आणि मग एका दमात, डावीकडून उजवीकडे, वरची रेघ ओढायच्या. पट्टी लावल्यासारखी सरळ. ती रेघ बघायला म्हणून मी माझी वेळ पाच मिनिटं अलीकडे घेतली होती. सरांनी ती कधी पाहिली नाही. जगाला सांगायचं इथे बघा, तिथे बघा, आणि स्वतः सांगून झालं की पाठ फिरवायची, असा तो माणूस.

सरांचं आणखी एक वाक्य होतं. "माहीत नाही म्हणायला लाजू नये. सापडलं नाही म्हणायला लाजावं." आणि खरोखरच, त्यांना काही सापडलं नाही असं मी कधी ऐकलं नव्हतं. कुणाच्या पणजोबांच्या गावाचं जुनं नाव, कुठल्याशा औषधाच्या झाडाची जात, कल्याणच्या खाडीत गलबतं कुठवर येत होती, काहीही असो. आठवडा लागो, महिना लागो, सर ठाण्याला जात, मुंबईला जात, पत्रं पाठवत, आणि एक दिवस त्या माणसाला गाठून सांगत, "मिळाली जागा."

ते निवृत्त झाले तरी वाचनालयात येत राहिले. मंडळाने संदर्भ विभागात दुसऱ्या माणसाला बसवलं, सर त्याच्या समोरच्या खुर्चीत बसायला लागले. त्या बिचाऱ्याचं काय झालं असेल ते समजून घ्या.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध असेल. आमच्या शेजारच्या इमारतीत एक टायपिंगचा क्लास होता. क्लासवाले मास्तर हुशार. टाइपरायटर भंगारात काढून त्यांनी संगणक आणले, मध्ये प्लायवूडच्या फळ्या ठोकल्या आणि बाहेर 'सायबर कॅफे' अशी पाटी लावली. सरांना आता धक्का बसणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. इथे बटण दाबलं की उत्तर येतं म्हणे, मग ह्यांच्या नवव्या कपाटाला कोण विचारणार? 'सही' तर मला म्हणाले, "म्हातारा आता थंड होईल."

कसला थंड होतो. पहिल्या दिवशी सर कॅफेतून बाहेर आले ते अंगात नवं वारं शिरल्यासारखे. सरळ माझ्या टेबलाशी आले. "देवघेव, अहो जागाच जागा आहेत. कपाटांना भिंतच नाही."

तेव्हापासून फळ्यावर संगणकावरचे पत्ते यायला लागले. 'तारा मरतो म्हणजे त्याचं काय होतं? जागा: परदेशातल्या एका वेधशाळेचं पान, पत्ता खाली दिला आहे. रोज आकाशाचा एक नवा फोटो असतो. थांबायची तयारी ठेवा, चित्र वरून खाली हळूहळू येतं.' एकदा पक्ष्यांचे आवाज ऐकवणारं पान. एकदा जुनी पुस्तकं जगात कुणालाही फुकट वाचू देणारं एक भांडार. कुठल्यातरी समुद्रकाठच्या लोकांनी भरती-ओहोटीची गणितं मांडून ठेवलेली, ती कोलशेतच्या म्हातारबुवांना दाखवायची असं त्यांच्या मनात होतं, पण ते तोवर वारले होते. त्या पत्त्यांत आडवे-तिरपे दांडे, ठिपके, जोडून लिहिलेली इंग्रजी अक्षरं. निम्म्या डोंबिवलीने इंटरनेट पाहिलेलं नव्हतं, तरी माणसं फळ्यासमोर थांबून ते लांबलचक पत्ते खिशातल्या कागदावर उतरवून घ्यायची.

आणि त्याच सुमारास बाईंची रेघ वाकायला लागली.

आधी शेवटाला जरा खाली यायची. मग मध्येच तुटायची. अक्षरं लहानमोठी व्हायला लागली. सगळ्यांच्या लक्षात आलं, रोज वाचणारी माणसं ती. आणि सगळ्यांनी मिळून एकच निदान केलं, की बाईंना इंग्रजी पत्ते लिहायची सवय नाही, म्हणून हात अडखळतो. आयुष्यभर मराठी वळणाचं लिहिलेला हात तो, त्याला हे दांडे आणि ठिपके कसे झेपणार? येणारी-जाणारी थट्टा करायची, "काय बाई, इंग्रजीने छळलं वाटतं." बाईही हसायच्या. "अहो, ह्या दादाने म्हातारपणी मला इंग्लिश मीडियममध्ये घातलंय."

सरांनीही तेच धरून ठेवलं. पत्ते छोटे निवडायला लागले. मीसुद्धा तेच म्हणत होते. कुणीही एकदा खालच्या इंग्रजी ओळीवरून नजर उचलून वरचा मराठी प्रश्न नीट पाहिला असता, तर तिथेही रेघ वाकलेली दिसली असती. असे महिने गेले.

मग एके सकाळी बाईंच्या हातातून खडू पडला. त्यांनी उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्या वाकल्या आणि उठताच येईना. सर जिन्याच्या निम्म्यावर पोचले होते. मी हाक मारली तेव्हा मागे वळले, आणि मला वाटतं त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा तो फळा पाहिला. किती तरी वेळ बघत होते. बाईंना मी पायरीवर बसवलं होतं, त्या म्हणत होत्या, "अरे दादा, चक्कर आली जरा, तू काय फळा वाचत बसलास." 

डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले, मुंबईचं मोठं हॉस्पिटल झालं. तिथे त्यांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि व्यायाम चालू ठेवा म्हणाले. बाईंनी विचारलं, "बरं होईल ना हो?" डॉक्टर म्हणाले, "बघू या." सरांनी ते नाव नीट अक्षर-अक्षर विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "देवघेव, जरा येता?" इतक्या वर्षांत त्यांनी मला कुठे ये म्हटलं नव्हतं. मी शिक्का खाली ठेवला आणि गेले.

प्लायवूडच्या त्या खोक्यात दुसरी खुर्ची मावत नव्हती. मी त्यांच्या मागे उभी. नाव टाइप करताना सरांची बोटं चुकत होती. मास्तर पलीकडून म्हणाले, "काका, लाइन स्लो आहे आज, दम धरा जरा." सरांनी दम धरला. पान वरून खाली यायला लागलं, एक एक ओळ. मला तेवढं इंग्रजी येत होतं. आधी हात जातात. मग पाय. मग बोलणं, गिळणं. शेवटी श्वास. औषध नाही. पान अजून खाली येतच होतं. सरांनी हात उचलला आणि पडद्यावर ठेवला, पंजा पसरून, ओळींवर. म्हणाले, "मास्तर, बंद करा हे."

मी त्यांच्याबरोबर घरी गेले. बाई कॉटवर बसून होत्या. मला वाटलं होतं, सर आधी हातपाय धुतील, चहा ठेवतील. पण बाई वाटच बघत होत्या. त्यांना भावाची रीत माहीत. म्हणाल्या, "दादा, मला उत्तर नको सांगूस. जागा सांग फक्त. मी वाचते माझी."

सर खुंटीला पिशवी अडकवत होते. ती दोनदा खाली पडली.

"सापडलं नाही," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक नीट करत बसले. बाई म्हणाल्या, "बरं. उद्या बघ."

तेव्हापासून सर रोज 'बघायला' जात. दुपारी कॅफेत जाऊन बसत. काय करत होते, ते मास्तरांनी मला सांगितलं. "आजाराचं काही नाही हो ताई. तारे बघतात. पक्षी बघतात. कुठलं कुठलं म्युझियम उघडून बसतात." संध्याकाळी घरी येऊन म्हणत, "आज नाही मिळालं, पण हे बघ काय मिळालं." मास्तरांचा प्रिंटर काळापांढरा. आकाशातल्या एका तेजोमेघाचं चित्र त्याच्यावर छापून आणलेलं मी पाहिलं, सांडलेल्या शाईसारखं दिसत होतं.

"रंग कुठलाय ह्याचा?" बाईंनी विचारलं. तोवर त्यांना बाहेर जाता येत नव्हतं आणि शब्द जरा जड यायला लागले होते.

"निळसर."

"निळसर म्हणजे? मोरपंखी, आकाशी, का शाईसारखा?"

सरांची पंचाईत झाली. सगळं आयुष्य काळ्या अक्षरांत गेलेलं. त्यांच्याकडे रंग तीनच, निळसर, तांबूस आणि 'कसलासा'. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ते पान उघडून रंग बघून आले, तरी सांगता येईना. मग ह्या माणसाने काय करावं? बाजारातल्या साड्यांच्या दुकानात जाऊन बसले. तिथल्या विक्रेत्याने मलाच नंतर सांगितलं. "वहिनी, ते काका आले, म्हणाले सगळे रंग नावांसकट दाखवा. मी विचारलं, कोणासाठी घ्यायचीये? तर म्हणे घ्यायची नाहीये, शिकायचंय. गिऱ्हाईक नव्हतं, म्हटलं बसा."

त्यानंतर त्या खोलीत मी जे ऐकलं ते कुठल्याही वेधशाळेने लिहिलेलं नसेल. सर पलंगाशी बसून सांगत, "मध्यभागी राणी रंग आहे बघ. कडेला डाळिंबी. आणि वर एक पट्टा गेलाय, तो पारवा म्हणता येईल, पण जरीचा." बाई डोळे मिटून ऐकत. मध्येच म्हणत, "डाळिंबी नसेल दादा. आमसुली असेल. राणीच्या शेजारी आमसुली बसतो." सर म्हणत, "उद्या बघून येतो." आणि खरंच बघून येत.

फळा सर स्वतः लिहायला लागले होते. मी म्हटलं, मी लिहिते. म्हणाले, "नको. बेबी बरी होईपर्यंत मीच." ते अक्षर कुणाला लागत नव्हतं. माणसं तरीही थांबायची, वाचल्यासारखं करायची आणि जायची. एकाही माणसाने कधी विचारलं नाही की हे काय लिहिलंय. डोंबिवलीचा मला अभिमान वाटावा अशा गोष्टी फार नाहीत, ही एक आहे.

मी दर रविवारी बाईंचे केस धुवायला जायची. सर तेव्हा बाहेर जात. अशाच एका रविवारी, केस विंचरत होते, तर बाई म्हणाल्या, एक एक शब्द सुटा करत, "दादाला सापडलं नाही, असं कधी झालंय का गं?"

माझा हात थांबला.

"शेजारच्या काकूंची चाळिशी हरवलेली, ती सुद्धा त्याने शोधून दिली. आणि हे नाही सापडलं?" त्या हसल्या. हसणं तेवढं पहिल्यासारखं राहिलं होतं. "तो पिशवी अडकवत होता ना, तेव्हाच कळलं मला. किती आहे, काय आहे, सगळं कळलं."

"मग त्यांना सांगत का नाही तुम्ही?"

"माझ्यासाठी त्याला आता एवढंच करता येतंय. करू दे की."

मी विचारलं, भीती नाही वाटत? विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.  बाई म्हणाल्या, "वाटते. दुपारी तो बाहेर असतो तेव्हा फार वाटते. तो येऊन ते रंग सांगायला लागला की लांब जाऊन बसते." आणि मग माझं मनगट धरायचा प्रयत्न केला, बोटं वळली नाहीत. "त्याला सांगू नकोस. मी गेल्यावरसुद्धा नको. शपथ आहे तुला."

बाई पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. शेवटी बोलणं पूर्ण बंद झालं होतं, पण सर रोज रंग सांगत होते. शेवटल्या दिवशीही सांगून झाले होते.

सरांचे नातेवाईक दोन-चार आले, दिवस उरकले आणि गेले. सर वाचनालयात आले नाहीत. फळा कोराच राहिला. मी रोज दुपारी डबा नेऊन देत होते आणि दुसऱ्या दिवशी तसाच भरलेला परत आणत होते. चहावर जगत होते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. माणूस बहिणीच्या मागोमाग जाणार, असं गल्लीत सगळे उघड बोलायला लागले.

एके दिवशी मी ताटच वाढून समोर ठेवलं, वरण-भात, लिंबाची फोड, ताक. म्हटलं, "सर, आज तुम्ही जेवल्याशिवाय मी हलणार नाही. टेबलावर रांग लागू दे काय लागायची ती." सर ताटाकडे न बघता म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा."

"बेबीला कळलं होतं का हो?"

आयुष्यात त्यांनी मला कधी कसलं उत्तर विचारलं नव्हतं. कुणालाच नसेल विचारलं.

"रोज तेच डोक्यात येतं," ते म्हणाले. "तिला कळलं असेल, तर ती रोज एकटीच घाबरत बसली असेल. आणि मी बाजूला बसून आपला रंग सांगतोय. राणी काय, आमसुली काय. मी तिला धीर द्यायला हवा होता. बोलायला हवं होतं तिच्याशी. तिला माहीत होतं आणि मी तिला एकटं टाकलं, असं झालं असेल तर..." 

खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं, असं मला पुढे कुणी कुणी म्हणालं. बाई म्हणाल्या होत्या ना, रंग सांगायला लागला की भीती लांब बसते, ते सांगायचंस. म्हणणाऱ्यांनी ते तोंड पाहिलेलं नव्हतं. मी ते सांगितलं असतं, तर सरांनी त्यातलं फक्त दुपारचं ऐकलं असतं. त्या सगळ्या दुपारी, ते कॅफेत बसलेले आणि बाई एकट्या. राहिलेलं आयुष्य त्यांनी त्या दुपारींत काढलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "बाईंना शेवटपर्यंत वाटत होतं, तुम्हाला औषध सापडेल."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी केस धुवायची ना त्यांचे. आम्ही बोलायचो. म्हणायच्या, दादा रोज जातोय, एक ना एक दिवस मिळेलच."

सर माझ्याकडे बघत राहिले. मी नजर हलवली नाही. इतकं निगरगट्ट खोटं मी त्याआधी बोलले नव्हते, नंतरही नाही, आणि त्याचं मला एका दिवसासाठीही वाईट वाटलेलं नाही.

"वाट बघत होती म्हणजे," ते म्हणाले.

"हो. वाट बघत होत्या."

सरांनी मान हलवली. ताट जवळ ओढलं, लिंबू पिळलं, भात कालवला. पहिला घास तोंडात गेला आणि मग मात्र ते रडायला लागले, मोठ्याने, लहान मुलासारखे, भाताचा हात तसाच ताटावर ठेवून. मी उठले नाही, समजूतही घातली नाही. ताकाचं भांडं त्यांच्या बाजूला सरकवलं आणि ते जेवून होईपर्यंत तिथेच बसून राहिले.